सातवी ‘ब’मधली जागा राखून ठेवण्याबाबत

१४ जानेवारी २०२२, शुक्रवार

संक्रांत. खालच्या दुकानात तीळगूळ नव्हता, म्हणून तिळाची चिक्की आणली आणि एकट्यानेच खाल्ली. गोड बोल म्हणायला समोर कोणी नव्हतं.

सुनीती आणि नुपूर नाशिकला जाऊन दोन वर्षं होत आली. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी गेल्या होत्या, महिन्याभरात येतो म्हणून. मग विमानं बंद, मग शाळा ऑनलाइन, मग हे, मग ते. नुपूर आमच्या नाशिकच्या घरात बसून दोह्याच्या शाळेची सहावी करते आहे. मी दोह्याच्या नजमा भागातला हा फ्लॅट तिघांच्या हिशोबाने ठेवला आहे. तिच्या टेबलावरची धूळ दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, पुसतो.

आज व्हिडिओ कॉल केला तर ती गच्चीत पतंग उडवत होती. फोन पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला अर्धं आभाळ आणि तिचा एक कान दिसला. इथे असताना ती माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची. आज मी म्हटलं, "हाउ आर यू, बेटा?" तर म्हणाली, "बाबा, नंतर बोलू ना, पेच लागलाय!" बाजूने पोरांचा कल्ला. सुट्टीत मुलांची भाषा अशी व्हायचीच. इकडे आली की येईल ताळ्यावर.

आठवण येते. झालं, लिहिलं.

१८ जानेवारी, मंगळवार

शाळेचं पत्रक आलं. एप्रिलपासून ऑनलाइन वर्ग बंद. जी मुलं देशाबाहेर आहेत त्यांनी नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात वर्गात हजर व्हावं, नाहीतर त्यांची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला देण्यात येईल.

दुपारचा डबा तसाच परत आणला.

दोह्यात भारतीय शाळेत जागा मिळणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. नुपूरच्या केजीच्या वेळी मी उन्हात रांगेत उभा होतो, सुनीती तिला घेऊन झाडाखाली. ही जागा गेली की परत मिळणार नाही. आणि जागाच नसेल तर त्या दोघी येऊन करणार काय? सरळ आहे. जागा आहे तोवर त्या येणार आहेत.

संध्याकाळी सुनीतीला पत्रक वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो, मलाही आलंय." मी म्हटलं, एप्रिलपर्यंत यायला जमेल? ती म्हणाली, "अहो, त्यावरच बोलायचं होतं." मी म्हटलं, बाबांची तब्येत, तुझी तिथली लॅबमधली नोकरी, मला सगळं समजतं, तू काळजी करू नकोस, मी मुदत वाढवून घेतो. ती गप्प झाली. धीर आला असावा.

२१ जानेवारी, शुक्रवार

हाफिजकडे जेवायला. हाफिज आमच्याच कंपनीत टाइमकीपर, खेडचा, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याची बायको जाहिदा हिने सुरमईचं कालवण केलं होतं. सुनीती इथे असताना हिच्याकडूनच ते शिकली, आणि अजून दोघींचं फोनवर बोलणं असतं.

त्यांची हनिया नुपूरच्याच वयाची. ऑक्टोबरात खेडहून आली, तेव्हापासून घरी बसून आहे. एकाही शाळेत जागा नाही. मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, "काका, नुपूरची जुनी पुस्तकं हायत काय?" मी म्हटलं, ती नुपूरला लागतील बाळा, ती येणार आहे.

२५ जानेवारी, मंगळवार

रस्ता सापडला! शाळेच्या व्यवस्थापन समितीची पालकांसोबत वार्षिक सभा २६ फेब्रुवारीला आहे. सभागृहात आणि ऑनलाइन, दोन्हीकडून हजर राहता येतं. शेवटी ‘ओपन फोरम’, म्हणजे पालकांनी समितीला प्रश्न विचारायचे.

पालकांच्या ग्रुपवर लोक वर्षभर बसच्या एसीवरून आणि कँटीनच्या समोशावरून तलवारी उपसून असतात, पण सभेत एकाचं तोंड उघडत नाही. कारण नियम कोणी वाचत नाही. मी वाचले. प्रश्न आठवडाभर आधी लेखी द्यायचा. एका कुटुंबाला एकच प्रश्न. सोबत दुसऱ्या एका नोंदणीकृत पालकाचं अनुमोदन हवं, आणि त्या अनुमोदकालाही बोलायला दोन मिनिटं. समितीने उत्तर इतिवृत्तात नोंदवणं बंधनकारक आहे. हे शेवटचं महत्त्वाचं. इतिवृत्तात आलं की ते हवेत विरत नाही.

बारा वर्षं मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. आमची कंपनी स्टेडियमच्या वाटांवरचे दिशादर्शक फलक बनवते. नकाशे येतात, मी त्यांना नंबर, तारीख आणि शिक्का देतो, पुढे पाठवतो. परत येतात तेव्हा त्यांवर शेरा असतो. ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवा’ हा नेहमीचा. ‘नो कमेंट्स’ हा सगळ्यात गोड, म्हणजे समोरच्याला काही म्हणायचं नाही, खलास, कामाला लागा. सांगायचं काय, तर योग्य नमुन्यात विनंती केली की जगात काहीही मंजूर होतं, हा माझा अनुभव आहे.

प्रश्नाचा पहिला मसुदा केला. विषय: सातवी ‘ब’मधली जागा राखून ठेवण्याबाबत.

३० जानेवारी, रविवार

सुनीतीने बेडरूमसाठी कपाट घेतलं. फोटो पाठवला. चांगलं भिंतभर आहे. मी म्हटलं, एवढं मोठं कशाला, दोन महिन्यांसाठी? शिवाय डावा भाग तर अख्खा रिकामाच दिसतोय! ती म्हणाली, "राहू दे रिकामा." बायकांचं गणित वेगळंच असतं. बाल्कनीलाही जाळी बसवून घेतली म्हणाली. भाडेकरू ठेवायचा विचार असेल, घर बंद राहण्यापेक्षा बरं.

तिने नुपूरची इथली सगळी प्रगतिपुस्तकं मागितली आहेत. शाळेचा शिक्का मारून, प्रत्येकाची एक प्रत. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी कागद जपतो म्हणून हसायची, आता तिलाही फायलिंगचं महत्त्व पटलंय. शाळेत जाऊन शिक्के घेतले आणि वरती व्यवस्थित अनुक्रमणिका जोडून कुरिअर केलं.

६ फेब्रुवारी, रविवार

अनुमोदकाचा प्रश्न होता. ग्रुपवर विनंती करणं मला जमत नाही. कोणी विचारलं असतं, वहिनी का येत नाहीत? मग काय सांगायचं?

आज नियम पुन्हा वाचले आणि खुर्चीत उडालो. ‘दुसरा नोंदणीकृत पालक’ एवढंच लिहिलंय. तो दुसऱ्या कुटुंबाचा असावा असं कुठेही नाही. आई नोंदणीकृत पालकच आहे! आणि ऑनलाइन हजर राहता येतं!

सुनीतीला लगेच फोन केला. खूश होऊन सांगत होतो तर ती म्हणाली, "म्हणजे मला तिथे बोलता येईल?" मी म्हटलं, येईल काय, बोलावंच लागेल. "आणि मी बोलेन ते लिहून घेतील?" म्हटलं, शब्दन् शब्द. मग म्हणाली, "बरं. टाका माझं नाव."

इतक्या पटकन तयार होईल असं वाटलं नव्हतं. तिलाही ओढ आहेच की.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

हाफिज घरी आला. आढेवेढे घेत होता. शेवटी म्हणाला, "राजाभाऊ, तुमी सभेत बोलनार हायत ना? आमच्या पोरांचा बी एक सवाल घाला. यादी किती लांब, नंबर कदी लागनार, काय सांगतच नाय कोन. मी जाऊन विचारला तर बोलले, तुमी पालकच नाय हितले."

ते खरंच आहे. ज्याचं मूल शाळेत आहे तोच पालक. ज्याचं मूल बाहेर आहे त्याला सभेत यायचा हक्क नाही. मी त्याला नियम समजावून सांगितला. एका कुटुंबाला एकच प्रश्न, आणि माझा प्रश्न आधीच गेलाय.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "नियम तो नियम." चहा पिऊन गेला. कप स्वतः धुऊन ठेवला.

तो गेल्यावर मला जरा कसंतरी झालं. पण माझा इलाज काय? दोन प्रश्न घातले तर दोन्ही बाद.

नुपूरचा व्हिडिओ आला. व्यायामशाळेत दोरीच्या मल्लखांबावर उलटी लटकून हसते आहे. केस खाली, दोन दात किंचित पुढे, अगदी माझ्या आईसारखी. वर्षाची फी भरली म्हणे. मी सुनीतीला म्हटलं, अगं, एप्रिलनंतरची परत मागून घे. ती म्हणाली, "बघू." तो व्हिडिओ मी बसमध्ये, कामावर, जेवताना, किती वेळा पाहिला कोण जाणे. दोरी सुटेल अशी दर वेळी भीती वाटते.

१९ फेब्रुवारी, शनिवार

आज सरावाचा दिवस. सुनीतीला ऑनलाइन सभेत कसं यायचं, हात वर करण्याचं बटण कुठे, माइक कधी चालू करायचा, सगळं शिकवलं. म्हटलं, घाबरू नकोस, आधी आपलं नाव, मग मुलीचं नाव आणि वर्ग, मग मुद्दा. समोरच्याकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघ. मधे कोणी बोललं तरी थांबायचं नाही, दोन मिनिटं तुझी आहेत, अध्यक्षसुद्धा ती हिरावून घेऊ शकत नाहीत.

"अहो, सभेच्या आधी मला तुमच्याशी थोडं बोलायचंय," ती म्हणाली.

"बोल ना. पण आधी हात वर करून दाखव."

तिने बटण दाबलं. पडद्यावर छोटा पिवळा हात आला. मी म्हटलं, शाब्बास! मग माझ्या भाषणाचा मसुदा वाचून दाखवला, सहावी आवृत्ती. तोवर नुपूरला क्लासला सोडायची वेळ झाली. सुनीती म्हणाली, "तुम्ही ऐकणारच नाही का?" मी म्हटलं, अगं, ऐकतोय की, आवाज स्वच्छ येतोय.

२६ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला हवं. आजचं आजच.

सभागृह अर्धं भरलं होतं. समोर समिती, मागे मोठ्या पडद्यावर ऑनलाइन आलेल्यांचे चौकोन. सुनीतीचा चौकोन मला लगेच सापडला. माझ्या आवडीची जांभळी साडी, मागे ते नवीन कपाट. मला एकदम भरून आलं. वाटलं, किती दिवसांनी आम्ही दोघं एका ठिकाणी आहोत.

बसचा प्रश्न झाला, दप्तराच्या वजनाचा झाला. मग माझं नाव. मी माइकपाशी गेलो. "राजेंद्र गायधनी, नुपूर गायधनीचा पालक, सहावी ब." तीच सहावी आवृत्ती, एक शब्द चुकला नाही. म्हटलं, महामारीने कुटुंबं दुभंगली, शाळेने ती जोडायला मदत करावी, परत येण्यासाठी डिसेंबरअखेरपर्यंत मुदत द्यावी आणि तोवर जागा राखावी. वर्ल्ड कपसाठी सगळं जग दोह्यात यायला निघालंय, आमच्या मुलांनाच दार बंद का? हे वाक्य मी आठवडाभर घासलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, अनुमोदक कोण?

पडद्यावर पिवळा हात वर आला. चौकोन मोठा झाला. माझी बायको भिंतभर.

ती इंग्रजीत बोलली. मी मराठीत लिहितो, कारण मला तसंच ऐकू आलं.

"मी सुनीती गायधनी, नुपूरची आई. माझ्या मिस्टरांनी प्रश्न फार चांगला मांडला. ते सगळंच व्यवस्थित मांडतात. पण मला अनुमोदन देता येणार नाही. नुपूर परत येणार नाहीये. तिने इथल्या शाळेची परीक्षा दिली, तिला प्रवेश मिळालाय, आणि ती इथे आनंदात आहे. मीसुद्धा. कृपया तिची जागा मोकळी करा."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्ही आपसांत..."

"माझा वेळ अजून बाकी आहे," सुनीती म्हणाली. कॅमेऱ्याकडे बघत होती, मी शिकवलं तसं. "ज्यांची मुलं यादीत आहेत त्यांना या सभेत बोलता येत नाही. नजम्यात एक मुलगी ऑक्टोबरपासून घरी बसून आहे. तिच्या वडिलांनी प्रश्न कुठे विचारायचा? यादी फलकावर लावा, आणि पुढच्या सभेत त्या आईवडिलांना येऊ द्या. एवढंच लिहून घ्या. थँक यू."

चौकोन परत लहान झाला.

मी माइकपाशीच उभा होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळ्यांना सगळं कळलं होतं. अध्यक्षबाईंनी हळू आवाजात विचारलं, "मिस्टर गायधनी, तुम्हाला काही म्हणायचंय?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नो कमेंट्स."

त्यांनी ते लिहून घेतलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

कामावर गेलो. एका फलकाच्या नकाशावर बाण उलट्या दिशेला होता, तो तसाच शिक्का मारून पुढे पाठवला. संध्याकाळी फोन वाजला, घेतला नाही.

४ मार्च, शुक्रवार

आज घेतला.

आधी मी भांडलो. म्हटलं, चारचौघांत माझी शोभा करायची गरज होती का? घरात सांगता आलं नसतं?

"घरात?" ती म्हणाली. "अहो, घरात मी किती वेळा सुरुवात केली. मी बोलायला लागले की तुम्ही म्हणता, समजतं मला सगळं. नाहीतर म्हणता, वर्ल्ड कप झाला की बघू. त्या दिवशीसुद्धा सांगणार होते, तर तुम्ही मला हात वर करायला लावला."

मला तो पिवळा हात आठवला.

"तुम्हीच म्हणालात ना, ती दोन मिनिटं कोणी हिरावून घेऊ शकत नाही? मला वाटलं, तिथे बोलले तर तुम्हाला ऐकावंच लागेल." मग तिचा आवाज बदलला. "मला तुमचा अपमान करायचा नव्हता हो. तुम्ही माइकपाशी इतके बारीक दिसत होतात. जेवता का नीट?"

मला रडू आलं. तिलाही आलं असावं, कारण बराच वेळ दोन्हीकडून नुसतं नाक ओढणं चालू होतं.

फोन ठेवल्यावर मी ही वही पहिल्यापासून वाचली. कपाट, जाळी, प्रगतिपुस्तकं, मल्लखांबाची फी. सगळं मीच लिहिलंय, स्वच्छ अक्षरात, तारखेसकट. आमच्या साहेबांनी असा कागद ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवा’ म्हणून परत पाठवला असता.

२४ मार्च, गुरुवार

हाफिजसोबत शाळेत जाऊन नुपूरचा दाखला घेतला. ऑफिसबाहेरच्या फलकावर प्रतीक्षा यादी लागली आहे. हनियाचा नंबर अजून लागलेला नाही, पण एकाने वर सरकलीये. हाफिजने फोटो काढून जाहिदाला पाठवला. पुढच्या सभेला यादीतल्या पालकांना बसू देणार आहेत. "बोलू देनार का, ते अजून ठरलेला नाय," तो म्हणाला. मी म्हटलं, तू बोलणार आहेस, मसुदा मी करतो. नुपूरची पुस्तकं त्याच्या गाडीत ठेवली. हे आधीच करायला हवं होतं.

घरी येऊन नुपूरला फोन केला. सांगितलं की दाखला पाठवतोय. तिने मल्लखांबाची एक नवी उडी सांगितली, मला नीटशी कळली नाही. मग मधेच म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी येताय?"

बारा वर्षांत हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. कधी येताय, तारीख ठरली का, तिकीट बघू का. मला कोणी विचारतंय हे आज ऐकलं. कदाचित आधीही विचारलं असेल.

सवयीने तोंडात आलं, वर्ल्ड कप झाला की. ते गिळलं. म्हटलं, "नोकरी सोडायची तर नोटीस द्यावी लागते, बेटा. पण आलो, तर तिकडे माझ्यासाठी जागा आहे का?"

"म्हणजे काय!" ती म्हणाली. "कपाटाचा डावा भाग तुमचाच आहे ना. आई मला तिथे साधा रुमालसुद्धा ठेवू देत नाही."

मग विचारलं, "किती रुंद आहे गं तो?"

"थांबा, पट्टी आणते," म्हणाली आणि फोन पलंगावर टाकून पळाली. मी थांबलो.